विस्तव न मागता केळशीला

रत्नागिरी

केळशीला लोक समुद्र बघायला जातात, जत्रेला जातात, नाहीतर सुकी मासळी आणायला जातात. मी माझ्या बापाला एक कप चहा पाजायला गेलो होतो. तो पाजून झाला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच आशा लावून बसायला नको.

बापाला आम्ही आबा म्हणायचो, आणि अरेतुरे करायचो. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, आणि मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून झालो म्हणून त्यात बदल झाला नाही. आबाच्या घशात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. काय हवं-नको ते बघा." एवढं ऐकायला आठ दिवस मुंबईत काढले.

परत आल्यावर मी आबाला विचारलं, "काय हवंय तुला?" मला वाटलं, सुरमई म्हणेल, नाहीतर गावच्या घराची कौलं बदल म्हणेल. आबाने विडी पेटवली. मग म्हणाला, "केळशीच्या वाटंवर फणसाखाली बसून च्या करून प्यायचाय. आपल्या हातानं. विस्तव कुणाकडं मागायचा नाय."

मला त्या फणसाची गोष्ट माहीत होती. आईने सांगितली होती, आबाने कधीच नाही. माझ्याआधी त्यांना एक मुलगी होती, शेवंती. तीन वर्षांची. तिला ताप भरला तेव्हा दोघं तिला खांद्यावर टाकून केळशीच्या वैद्याकडे निघाले. पाऊस होता. पोर थरथरत होतं. बरोबर बाटलीत शेळीचं दूध होतं, ते कोमट करून पाजावं म्हणून फणसाखाली थांबले, तर काड्या भिजलेल्या. समोरच वाटेवरचं घर. आबा अंगणाच्या बाहेर उभा राहिला आणि विस्तव मागितला. आमच्या लोकांना तेव्हा कुणी हातात काही देत नसे. करवंटीत निखारा घालून ती लांबून जमिनीवर टाकायचे, आणि आपण उचलायची. त्या दिवशी तेवढंही झालं नाही. आतून बाई म्हणाली, "चूल विझलीय." कौलांतून धूर येत होता. शेवंती वैद्यापर्यंत पोचली नाही.

दुधाने ती जगली असती असं मी म्हणत नाही. आईही म्हणत नसे. पण पुढे आम्ही बौद्ध झालो, आणि त्या दिवसापासून आबाने कुणाच्याही दारात कशासाठीही उभं राहणं सोडलं. वाटेत तहान लागली तरी पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी प्यायचा. त्याला आता तीस वर्षं झाली. आणि एवढं सगळं करून त्या फणसाखालचा चहा तेवढा राहून गेला होता.

मी म्हटलं, "त्यात काय, तीन दगड मांडू, काटक्या गोळा करू."

"खुळा हायस," आबा म्हणाला. "वाळल्या गवतात जाळ केलास तर बागवाले बोंब मारतील. मग पुन्ना त्यांच्या तोंडाला लागायचं."

तेव्हा मला ऑफिसातल्या एका साहेबांची आठवण झाली. ते घाटावरून बदलून आलेले, डोंगर चढायचं वेड असलेले. त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं होतं की पत्र्याच्या डबीत स्पिरिट घालून चहा होतो, धूर नाही, काजळी नाही, ठिणगी नाही. त्यांनी कागदावर चित्रही काढून दिलं होतं. ते मी फाइलीत खुणेला लावलं होतं. शोधून काढलं.

आता ही डबी कशी केली ते सांगतो, कारण तेवढीच एक गोष्ट या सगळ्यात मला धड जमली. बूट पॉलिशची मोठी डबी घ्यायची आणि सोड्याच्या गरम पाण्यात उकळून आतलं मेण काढायचं. झाकणावर कडेने कंपासने गोल आखायचा, आणि पोतं शिवायच्या दाभणाने त्या गोलावर सोळा भोकं पाडायची. मधोमध खिळ्याने एक मोठं भोक पाडायचं. त्यातून स्पिरिट ओततात, आणि मग त्यावर चार आण्याचं नाणं ठेवतात. डबीत कापूस भरायचा, म्हणजे स्पिरिट हिंदकळत नाही. झाकणावर थोडं स्पिरिट सांडून पेटवलं की डबी तापते, आतली वाफ बारीक भोकांतून बाहेर येऊन पेटते आणि ज्योतीची निळी फुलं धरतात. पातेलं ठेवायला सायकलच्या जुन्या आऱ्या वाकवून तिवई केली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापला.

पहिल्या खेपेला वाफ भोकांऐवजी झाकणाच्या कडेने निसटायला लागली. मी कडेला कणीक लावली, तर ती करपली आणि घरभर भाकरी जळल्याचा वास. मग सिगरेटच्या पाकिटातली चांदी कडेत ठासली आणि ते जमलं. दुसऱ्या खेपेला भर उन्हात अंगणात बसलो. उन्हात ती ज्योत दिसतच नाही. मला वाटलं विझली, म्हणून वरून आणखी ओतायला गेलो, आणि मनगटावरचे केस चर्रकन गेले.

"भुवया तेवढ्या ठेवा," माझी बायको सुनंदा दारातून म्हणाली. "ऑफिसात ओळखणार नाहीत, पगार शिपायाच्या हातात जाईल."

तिसऱ्या खेपेला दोन कप पाणी खळखळा उकळलं. आबा ओटीवर विडी ओढत बघत होता. दर खेपेला मी हात पुढे करायचो आणि तो खिशातून काडेपेटी काढून माझ्याकडे टाकायचा. ती निळी फुलं बघून तो उठून जवळ आला, उकिडवा बसला, आणि म्हणाला, "धूर नाय. कुनाला कळायचं पन नाय." डॉक्टरांकडून आल्यावर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा. मला तर आकाश ठेंगणं झालं.

गाव

एसटीचा प्रवास सांगत नाही. ज्याने केलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने केला नाही तो सुखी आहे. संध्याकाळच्या आत दापोली सोडून आमच्या गावाच्या फाट्यावर उतरलो. माघाचे दिवस होते. आंब्यांना मोहोर धरला होता आणि वाटेवर त्याचा गोडसर वास भरून राहिला होता. आबाला तो वास येत नव्हता. घशाबरोबर त्याचं नाकही गेलं होतं. "मोहोर आलाय काय रं?" असं त्याने मला विचारलं, झाडाखाली उभं राहून.

गावाचं थोडं सांगायला हवं. आमचं गाव तीन वाड्यांचं आहे. वरची वाडी, मधली वाडी, आणि पऱ्ह्यापलीकडे आमची बौद्धवाडी. आडनाव आमचं जाधव. मधल्या वाडीतही सगळे जाधवच. त्यामुळे आमच्या भागात नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, आणि म्हणून कुणीही नवा माणूस भेटला की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला: "कुठच्या वाडीतले?" पोस्टमन विचारतो ते पत्र बरोबर जावं म्हणून. बाकीचे कशाला विचारतात ते सांगायला नको. रत्नागिरीत नऊ वर्षं राहून मला त्या प्रश्नाची सवय मोडली होती. शहरात लोक भाडं किती, बदली कुठून झाली, हे विचारतात. तिथं मी नुसता जाधव होतो, आणि मला ते फार बरं वाटायचं.

माझ्या चुलतभावाची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणतो, तिच्याकडे उतरलो. भाऊ मुंबईला गिरणीत होता, संपानंतर कुठंतरी वॉचमन लागलाय. वहिनीने माझ्यासाठी कुळथाची पिठी आणि भात केला, आणि आबासाठी तांदळाची पेज फडक्यातून गाळून दिली. आबा तीन घोट प्याला आणि चौथा हातात धरून बसला.

"एवढी तरी संपवा," वहिनी म्हणाली.

"संपवायला आता मीच उरलोय," आबा म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. त्याचं बोलणं असंच असायचं. त्याला वाटायचं तो विनोद करतोय.

केळशीची वाट

सकाळी निघताना मी मोठा शहाणपणा केला. आबा विडी सोडत नव्हता, डॉक्टरांनी हात जोडले तरी. त्यात ही दोन तासांची वाट आणि चढउतार. मी त्याची बंडी झटकायला म्हणून घेतली आणि खिशातला विडीचा कट्टा आणि काडेपेटी काढून वहिनीच्या फळीवर ठेवली. त्याला सांगितलं, "परत आल्यावर ओढ." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं भांडेल. "बरा हायस," एवढंच म्हणाला आणि काठी घेऊन निघाला.

पिशवी मी दोनदा तपासली होती. डबी, तिवई, आडोशाचा पत्रा, चार आण्याचं नाणं कागदात गुंडाळून, स्पिरिट खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणि बाटलीवर विष असं लिहिलेलं, कारण ते जांभळं पाणी कुणी औषध म्हणून प्यायलं तर पंचाईत. पातेलं, पाण्याची बाटली, दोन कप, गाळणी, चहा, साखर, आलं. ऑफिसात रजिस्टर तपासतो तशी एकेक वस्तूवर बोट ठेवून तपासली.

सड्यावर चढलो तेव्हा दव अजून होतं. सडा म्हणजे आमच्याकडचं काळ्या-तांबड्या कातळाचं पठार, मैलभर नुसता दगड आणि वाळकं गवत. घाटावरच्या माणसाला तिथं काही दिसत नाही. आबाला सगळं दिसायचं. "हितं पावसात तेरडा उगवतो." "हितं तुजी आय पाय मुरगळून बसली." "हितपर्यंत मोळी डोक्यावर आणायची, मंग ह्या दगडाला टेकवून दम खायचा." तरुणपणी तो या वाटेने जळाऊ लाकडाच्या मोळ्या केळशीला विकायला न्यायचा. केळशीच्या निम्म्या चुलींत त्याने आणलेलं लाकूड जळलं असेल. हे त्याने सांगितलं नाही, माझं मीच मोजलं, आणि मग सगळी वाट ते डोक्यातून जाईना.

दर शंभर पावलांवर तो बसत होता. एकदा मी म्हटलं, "पाठीवर घेतो." त्याने काठी उगारली. खरंच उगारली. दोन तासांच्या त्या वाटेला आम्हाला पाच तास लागले. उताराच्या तोंडाशी आलो तेव्हा खाली माड, त्यापलीकडे वाळूची ती मोठी टेकडी आणि मग समुद्र दिसला. आबा उभा राहून बघत होता. मला म्हणाला, "शेवंतीनं ह्यो बघितला न्हवता." पोर जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. मी पुढे चालायला लागलो, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

फणसाखाली

फणस होता. मला मनातून वाटत होतं तोडला असेल. घरही होतं. भिंतींना चुना दिलेला, ओट्याला नवं सिमेंट, आणि कौलांवर टीव्हीचा अँटेना. मी आबाला तो दाखवला. म्हटलं, "बघ, काळ कुठल्या कुठं गेला." आबाने अँटेना बघितला आणि फणसाखालचा पाचोळा काठीने बाजूला सारला.

मी तिवई मांडली, आडोसा लावला. आबाने मला हाताने बाजूला केलं आणि पुढचं सगळं स्वतः केलं. बाटली उघडून डबीत स्पिरिट ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. झाकणावर थोडं सांडलं, नाणं ठेवलं. पातेल्यात पाणी, चहा, साखर घातली, आलं दगडाने ठेचलं. मग पातेलं हातात धरून तो म्हणाला, "हां. आन काडी."

आणि त्याचाच हात सवयीने बंडीच्या खिशात गेला.

रिकामा बाहेर आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दर चाचणीला काडी त्याच्या खिशातून आली होती, म्हणून माझ्या यादीत काडेपेटी कधी नव्हतीच. सोळा भोकं मोजून पाडणारा मी, चार आण्याचं नाणं कागदात गुंडाळून आणणारा मी, आणि विस्तव तेवढा फळीवर ठेवून आलो. तोही बापाच्या खिशातून चोरून. अरे, काय म्हणावं माणसाने स्वतःला! मी कपाळावर हात मारून घेतला, दोनदा.

वाटेने एक सायकलवाला आला. त्याला विचारलं, तर तो गाल दाखवून म्हणाला, "आपण तंबाखूवाले." गेला. स्पिरिट कुणाची वाट बघत नाही. डबी उघड्यावर ठेवली की ते उडून जायला लागतं. मला त्याचा वास येत होता, आणि तो कमी होत चाललाय असं वाटत होतं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाला.

"थांब. आणतो."

"कुठनं?"

मी उठलो. समोर एकच घर होतं. आबाला दिसत होतं मी कुठं चाललोय. त्याने मला हाक मारली नाही.

अंगणात एक पन्नाशीची बाई सुपात तांदूळ पाखडत होती. पस्तीस वर्षांपूर्वी आतून बोलली ती ही नव्हे. ती हिची सासू असेल, कुणी असेल. मी अंगणाच्या कडेलाच थांबलो. पाय आपोआप थांबले, मी थांबवले नाहीत.

"काय पायजे भाऊ?"

"काडेपेटी मिळेल का? वडील दमलेत, तिथं फणसाखाली बसलेत. चहा करून द्यायचाय."

"अगो बाई, मग हितं घेऊन या की त्यांना! मी टाकते घोटभर."

"नको. त्यांना हवेशीर बसायचंय. आजारी आहेत."

तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले. "कुठलं गाव?" मी सांगितलं. "आडनाव?"

"जाधव."

"म्हंजे मधल्या वाडीतले?"

आता हे मी कितीदा मनात घोळवलंय ते माझं मला माहीत. तिच्या विचारण्यात काही विष नव्हतं. उलट ओळख लागावी अशी तिची धडपड होती, चेहरा हसरा होता. मागे झाडाखाली स्पिरिट उडत होतं. बाप बसला होता. नाही म्हणायला लागले असते तेवढेच श्वास होय म्हणायला लागले.

"होय," मी म्हटलं.

"मग लांब कशाला उभे, या की वर!" ती आत गेली आणि तांब्याभर पाणी, गुळाचा खडा आणि काडेपेटी घेऊन आली. काडेपेटी तिने माझ्या हातात दिली. तळहातावर ठेवली, तिची बोटं मला लागली. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, परत नाय दिलीत तरी चालंल. आनि लागलं कायतर तर हाक मारा." मी ओट्यावर बसून पाणी प्यालो. वरून ओंजळीत ओतलेलं नाही, तांब्या तोंडाला लावून. गूळ खिशात टाकला. आणि मी सांगतो, तिथून फणसापर्यंत मी जवळजवळ पळत आलो. मला आनंद झाला होता. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

"आबा, हातात दिली! हातात! तांब्यातून पाणी दिलं, गूळ दिला. घरात या म्हणत होती."

आबाने माझ्या हातातली काडेपेटी बघितली. घेतली नाही.

"कुनाचा म्हनून?"

"काय कुणाचा?"

"कुनाचा म्हनून सांगितलंस?"

मी आडोशाचा पत्रा सरळ करत बसलो. तो सरळच होता.

"मधल्या वाडीतला," मी म्हटलं.

आबाला जोरात बोलता येत नव्हतं, सगळं कुजबुजल्यासारखं यायचं. "म्हंजी तुला नाय दिली. मधल्या वाडीला दिली."

"आबा, चहा तर होऊ दे. स्पिरिट उडतंय."

"परत देऊन ये. आनि सांग, कुनाचा हायस त्यो."

"आत्ता? कशाला उकरून काढायचं? काळ बदललाय, तूच बघतोयस. कोण मानतं आता हे सगळं?"

"काळ बदाललाय तर सांगायला काय जातं?"

मी त्याला म्हटलं, तुझी तब्येत, तुझं वय, ती बाई चांगली आहे, उगाच तिला कशाला अवघडून टाकायचं. जे सुचलं ते म्हटलं. खरं एवढंच होतं की मला तिथं परत जाऊन ते तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. ऑफिसात युनियनच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून बोलतो. इथं शंभर पावलं जाववली नाहीत.

आबा माझ्या जाण्याची वाट बघत बसला. बरंच बसला. मग त्याने नाणं उचलून पुसलं, कागदात गुंडाळलं आणि मला दिलं. पातेल्यातलं चहाचं पाणी फणसाच्या मुळाशी ओतलं. डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली, भोकांवरून अंगठा फिरवला.

"चांगली केलीस रं डबी," म्हणाला, आणि उठला.

हर्णे

तिथून आमचं बोलणं असं उरलं नाही. केळशीत माझ्या ओळखीच्या एका मास्तरांकडे रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला परतायला मिळेल त्या गाडीने आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत आलो. खाडी होडीने ओलांडली. होडीवाल्याने आबाला दंडाला धरून अलगद उतरवलं, "सांभाळून, आजोबा." त्याने काही विचारलं नाही. हर्ण्याला बंदरावर लिलाव चालला होता. वाळूत पापलेटांचे, कोळंबीचे, बांगड्यांचे ढीग, भोवती बायकांचा कालवा, आणि बोली अशी भरभर की मला एक आकडा कळेना. एरवी मी तिथं तासभर रमलो असतो. आबाने सुनंदासाठी सुके बोंबील घेतले. स्वतःच्या हाताने निवडून, वास घेतल्यासारखं नाकाशी धरून. वास तर त्याला येत नव्हता.

बंदराच्या वरच्या अंगाला हॉटेलात चहा मागवला. पोऱ्याने सगळ्यांना देतात तेच कप आणून टेबलावर आदळले. आबाने बशीत ओतून फुंकर मारली, घोट घेतला, तो खाली उतरेना. ठसका लागला. उरलेला चहा निवत गेला आणि त्यावर साय धरली. माझ्या खिशात ती काडेपेटी होती आणि गुळाचा खडा विरघळून खिसा चिकट झाला होता.

"आबा," मी म्हटलं, "परत जाऊ या. आजच. मी सांगतो तिला."

त्याने मान हलवली. नाही म्हणून. "माज्याच्यानं आता नाय चढवत."

पुन्हा केळशी

आबा पावसाळ्याच्या तोंडाशी गेला. शेवटच्या पंधरा दिवसांत त्याला पाणीही जात नव्हतं. सुनंदा कापसाने ओठ ओले करायची. मला त्याने त्या दिवसाबद्दल एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

भात कापणीच्या सुमाराला मी रजा काढून एकटाच गेलो. पिशवीत सगळं होतं. डबी, तिवई, स्पिरिट, दोन कप, आणि या खेपेला माझी स्वतःची काडेपेटी. त्या बाईची वेगळी, वरच्या खिशात. त्यातली एकही काडी कमी झाली नव्हती. ठरवलं होतं, आधी ती देईन आणि सांगेन, मग फणसाखाली बसून चहा करीन. सड्यावर मी वाटभर वाक्य पाठ करत होतो, शाळेत कविता पाठ करायचो तसं.

अंगणात कुणी नव्हतं. हाक मारली. ती आतून दारात आली आणि तिने मला लगेच ओळखलं. "मधल्या वाडीतले ना? वडील कसे हायत?"

"गेले."

"अरेरे." तिचा चेहरा खरंच उतरला, खोटं कशाला सांगू. "मला वाटलंच त्या दिवशी. लांबूनच दिसले, लई वाळले होते. या, बसा."

मी बसलो नाही. "तुमची काडेपेटी द्यायची राहिली होती," मी म्हटलं, आणि जमिनीकडे बघून पुढचं म्हटलं. "आणि मी मधल्या वाडीतला नाही. पऱ्ह्यापलीकडचा. बौद्धवाडीतला. त्या दिवशी खोटं बोललो. वडिलांनी सांगितलं होतं, सांगून ये म्हणून."

आत कुठंतरी टीव्ही चालू होता, त्यावर शेतीची माहिती सांगत होते. मी काडेपेटी पुढे धरली होती.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवा तिथं, ओट्यावर."

मी ओट्यावर ठेवली आणि निघालो. फणसाखाली थांबलो नाही. उताराच्या वर, जिथून समुद्र दिसतो तिथं आल्यावर माझ्या ध्यानात आलं, तिचे हात मी बघितलेच नव्हते. दुपारची वेळ होती, ती आतून आली होती. पीठ मळत असेल. मासळी साफ करत असेल. हात भरलेले असतील तर कुणीही म्हणेल, ठेवा तिथं. एकदा मान वर करून बघितलं असतं तर कळलं असतं. सांगायला लागल्यापासून मी सबंध वेळ खाली बघत होतो.